सोळातली हुकलेली जागा

त्या मार्चमध्ये आम्ही आठवडाभर न खेळता हरत होतो.

शनिवारी आमच्या लीगच्या उपांत्य सामन्यात जादा वेळेत दोन-एक असे हरलो आणि आमचा खेळ संपला. हंगाम मात्र संपला नव्हता. राष्ट्रीय स्पर्धेत सोळा कॉलेजं जातात. सहा लीगचे सहा विजेते थेट, उरलेले दहा आकड्यांवर. वर्षभरात तुम्ही कुणाला हरवलंत, कुणाकडून हरलात, आणि ज्यांना हरवलंत त्यांनी पुढे काय दिवे लावले, याची यादी रोज नव्यानं लागते. त्या यादीत आम्ही होतो, पण शेवटून दुसरे. एखाद्या लीगमध्ये भलताच तळाचा संघ विजेता झाला, की त्याला जागा द्यायला आकड्यांवरचा शेवटचा बाहेर पडतो. असं एकदा झालं तरी आम्ही वाचत होतो. दोनदा झालं की खेळ खलास.

म्हणजे ज्यांची तोंडंही आम्ही पाहिली नव्हती अशी पोरं हजार मैलांवर कशी खेळतात, यावर आमचं ठरणार होतं.

मी व्हर्ना लाहती. पोर्ट ऑल्डर कॉलेजच्या आइस हॉकी संघाचं सामान सांभाळते. स्केट्सना धार लावणं, फाटलेलं शिवणं, ओलं वाळवणं, बसमध्ये चढवणं-उतरवणं. एकोणीस वर्षं झाली. आमचं गाव लेक सुपीरियर या समुद्राएवढ्या तळ्याच्या काठावर आहे, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ. इथे करण्यासारखं दुसरं फारसं काही नाही, त्यामुळे जे आहे ते लोक फार मनावर घेतात. त्या आठवड्यात मी पोस्टात गेले तरी तोच प्रश्न, बेकरीत पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजी, घ्यायला गेले तरी तोच.

"काय व्हर्ना, जाणार का आपण?"

"मी धार लावते हो, भविष्य सांगत नाही."

"अगं पण तुझं मन काय म्हणतं?"

माझं मन काय म्हणत होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

आमचे कोच गॉर्डन ट्रेवार्था. साठीचा माणूस, आवाज असा की रिंकच्या छताखाली बसलेली कबुतरं उडावीत. त्यांनी पोरांना सांगितलं, "रविवारी नाव आलं तर शुक्रवारी खेळायचंय. तेव्हा रोज तीनला बर्फावर. कुणाला यादी बघत बसायचं असेल त्यानं वाचनालयात जावं."

पोरं येत होती. पण जेवणाचं आमंत्रण आहे की नाही हे माहीत नसताना हात धुऊन बसल्यासारखा तो सराव होता. पास चुकत होते, उगाच भांडणं होत होती. कप्तान नोलन हापाला गणिताचा विद्यार्थी. तो दर विश्रांतीला बाकावर येऊन हातमोजा दातानं ओढून काढायचा आणि फोन बघायचा.

"काय रे, काही हललं का?" कुणीतरी विचारायचं.

"मंगळवारी दुपारी कोण खेळतं का कधी? काय हलणार?"

"मग बघतोस कशाला?"

"तू नाकात बोट का घालतोस? तसंच."

सगळे हसायचे. एक सोडून. तो आमचा दुसरा गोली, म्हणजे गोलरक्षक, एलायस क्रूपा.

क्रूपाबद्दल आधी सांगायला हवं. हा हॅमट्रॅमक गावचा पोलिश पोरगा. आई शाळेत स्वयंपाक करते, वडील नाहीत. सहा फूट तीन इंच, बोलणं कमी, बरोबर आपली खारवलेल्या काकडीची बरणी घेऊन फिरणारा. चौथं वर्ष चालू होतं आणि चार वर्षांत त्याला पूर्ण सामना मिळाला तो एकच. आमचा पहिला गोली माग्नुस लिंडहोल्म स्वीडनहून आलेला, उत्तमच होता, आणि गोलीची जागा अशी की एक उभा असला की दुसऱ्यानं बाकावर बसून आत-बाहेर करणाऱ्या खेळाडूंसाठी दार उघडायचं. चार वर्षं क्रूपानं दार उघडलं. सरावात मात्र सगळ्यांत आधी यायचा, सगळ्यांत शेवटी जायचा.

तो एकच सामना डिसेंबरातला. ब्रॅमवेल कॉलेज, यादीत अगदी तळाला. शुक्रवारी आम्ही त्यांना पाच-एक धुतलं. शनिवारी परत त्यांच्याशीच. माग्नुसची सोमवारी परीक्षा, शिवाय तो सलग चौदा सामने खेळलेला. कोचनी सकाळच्या न्याहारीला सांगितलं, "क्रूपा, आज तू."

त्यानं अंड्याचा घास तसाच ठेवला. उठून माझ्याकडे आला. हळूच म्हणाला, "व्हर्ना, माझा ग्लव्ह झाला का?"

गोलीचा झेलायचा ग्लव्ह असतो ना, त्याच्या अंगठ्यात आणि बोटांत चामड्याच्या वादीनं विणलेली जाळी असते. पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, तिथे अडकते. क्रूपाच्या ग्लव्हची वादी झिजली होती. बुधवारी तो माझ्याकडे ग्लव्ह ठेवून गेला होता. मी म्हटलं होतं, उद्या करते. त्याच दिवशी माग्नुसच्या पॅडचा पट्टा तुटला, दोघांची स्केटची पाती बदलायची होती, आणि खरं सांगायचं तर मी मनात म्हटलं, याला कुठे खेळायचंय. ग्लव्ह तसाच बसमध्ये आला.

पूर्ण जाळी काढून नवी वादी ओवायला दोन तास लागतात. वेळ होता. पण मी धारेच्या यंत्रावर होते, वीस जोड्या बाकी होत्या. मी दाभण घेतलं, जिथे तुटायला आलं होतं तिथे गाठ मारली, ओढून बघितली आणि म्हटलं, "आजचा दिवस निघेल."

"नक्की?"

"अरे निघेल रे. जा."

तो गेला. एकतीस फटके अडवले त्यानं त्या दिवशी. एकतीस. मी बाकामागे उभी राहून मोजत होते. पोरं सुस्त खेळत होती, काल जिंकल्याची गुर्मी होती, आणि हा एकटा उभा. दोन-दोन बरोबरी. शेवटचं मिनिट. ब्रॅमवेलच्या एका बचावपटूनं मधल्या रेषेवरून नुसता ढकलल्यासारखा पक उडवला. तो लोण्यातून सुरी जावी इतका सरळ क्रूपाकडे आला. क्रूपानं ग्लव्ह वर केला, थाटात, मनगट वळवून. आणि पक त्याच्या मागे जाळ्यात.

कुणालाच कळलं नाही काय झालं. टीव्हीवरही फक्त इतकंच दिसलं, की गोलीनं सोपा झेल सोडला. ब्रॅमवेलची पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती आणि त्यांचे विद्यार्थी बाकं बडवत ओरडत होते, "चाळण! चाळण! चाळण!" हॉकीत गोलीला याहून वाईट शिवी नाही.

दुसऱ्या दिवशी मी बॅगा उघडल्या तर क्रूपाच्या बॅगेच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेला ग्लव्ह. गाठ सुटलेली. जाळीत मूठ जाईल एवढं भोक.

मी दार लावून घेतलं आणि दोन तास बसून नवी वादी ओवली. ग्लव्ह त्याच्या खणात ठेवला. सोमवारी त्यानं तो उचलला, जाळी दाबून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "थँक्स."

मी म्हटलं, "हं."

इतकंच. तो बोलला नाही म्हणून मी बोलले नाही. पुढे पोरं त्याला चाळण म्हणू लागली, आधी मागून, मग तोंडावर, प्रेमानं म्हणतात तशी. "ए चाळण, पाणी दे." तो पाणी द्यायचा. कोचनी त्याला परत एकदाही उतरवलं नाही.

आता परत मार्चमधलं, आम्ही हरल्यानंतरच्या शनिवारचं. दुपारी बाराला सगळी पोरं रिंकच्या वरच्या खोलीत टीव्हीपुढे जमली. कुणाच्या तरी आईनं मोठं भांडंभर मॅकरोनी पाठवली होती. दोन लीगचे अंतिम सामने महत्त्वाचे होते. दोन्हींत एकेक तळाचा संघ पोचला होता. कोच आले नाहीत, खाली ऑफिसात दार लावून बसले होते, पण टीव्हीचा आवाज त्यांच्याही खोलीतून येत होता.

पहिला सामना तळाच्या संघानं सरळ जिंकला. चार-शून्य. रडायलाही जागा नाही.

"ठीक आहे," हापाला म्हणाला. "हे धरलेलंच होतं. आता आपण शेवटचे. पण आहोत."

"दोरीला धरून आहोत म्हण."

"धरून आहोत ना? मग गप बस."

दुसरा सामना पूर्वेकडच्या लीगचा. तिथे सेंट ऑल्डेन नावाचं एक छोटं कॉलेज, वर्षभरात निम्मेही सामने जिंकलेलं नाही, आणि समोर देशातला तिसरा संघ. पहिल्या वीस मिनिटांत बलाढ्य दोननं पुढे. खोलीत लोक श्वास घ्यायला लागले. माग्नुसनं मॅकरोनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. दुसऱ्या सत्रात दोन-एक. तिसऱ्या सत्राला पाच मिनिटं उरली असताना दोन-दोन.

"नाही," माग्नुस म्हणाला. "नाही, नाही, नाही." स्वीडिशमध्येही काहीतरी म्हणाला.

जादा वेळ. त्यात जो पहिला गोल करेल तो जिंकला. बलाढ्यांनी नुसता मारा केला. एक फटका खांबाला लागला तेव्हा खोलीतल्या पंचवीस जणांच्या तोंडून एकच आवाज निघाला, तो मी अजून विसरले नाही. आणि मग अकराव्या मिनिटाला सेंट ऑल्डेनचा एक बुटका पोरगा गोलीच्या मागून वळसा घालून आला, पक कुणाच्या तरी नडगीला लागला, कुणाच्या तरी स्केटला लागला, आणि लोळत लोळत रेषेपलीकडे गेला.

टीव्हीवर माणसं नाचत होती. आमच्या खोलीत एकानं रिमोट घेऊन आवाज बंद केला. नाचणं चालूच राहिलं.

मग डेक्लन नावाचा दुसऱ्या वर्षाचा पोरगा, मनानं वाईट नाही पण तोंडाला कुलूप नसलेला, हापालाला म्हणाला, "किती फरकानं गेलं रे?"

हापालानं फोनवर काहीतरी केलं. त्या यादीच्या वेबसाइटवर एक सोय आहे, वर्षातला कुठलाही निकाल बदलून बघता येतो. तो बघत राहिला.

"अरे सांग ना."

"काही नाही."

डेक्लननं फोन ओढून घेतला. "उपांत्य सामना जिंकलो असतो तर आत. ते तर आहेच. आणि..." तो वाचत गेला, "...ब्रॅमवेलची ती मॅच नुसती बरोबरीत सुटली असती तरी आत. तेरावे. अरे, तेरावे आलो असतो! नुसत्या बरोबरीत!"

मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो.

कुणी वळून पाहिलं नाही. वळून न पाहणं पंचवीस जणांनी एकदम केलं की ते पाहण्यापेक्षा वाईट असतं. क्रूपा भिंतीशी उभा होता. त्यानं हातातली थाळी खाली ठेवली, जाकीट घेतलं आणि गेला. मी मॅकरोनीचं भांडं उचलून धुवायला नेलं. ते अर्धं भरलेलं होतं.

रविवारी दुपारी टीव्हीवर सोळा नावं जाहीर झाली. कोचनी सगळ्यांना बघायला बसवलं. "हरलोय तर डोळे उघडे ठेवून हरायचं," म्हणाले. नावं आली. आमचं नव्हतं. कॅमेऱ्यापुढे सेंट ऑल्डेनची पोरं टोप्या फेकत होती. क्रूपा आला नव्हता.

घरी आले तर नवरा, आर्वो, सॉनाची वाफेची खोली तापवून बसला होता. चाळीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ ढकलणारं यंत्र चालवलेला माणूस, त्याला कशाचीच घाई नसते. मी त्याला सगळं सांगितलं. ग्लव्ह, गाठ, भोक. डिसेंबरपासून पहिल्यांदा कुणाला तरी.

त्यानं दगडांवर पाणी ओतलं. वाफ खाली बसल्यावर म्हणाला, "मग?"

"मग काय मग? पोराचं नाव खराब झालं माझ्यामुळे."

"हे मला कशाला सांगतेस? मी काय कोच आहे?"

"आता सांगून काय उपयोग? संपलं सगळं."

"उपयोग नसला तर एवढी चरफडतेस कशाला?"

मला त्याचा असा राग आला की मी तशीच बाहेर बर्फात जाऊन उभी राहिले. चरफडत होतेच मी. पण स्वतःवर की सेंट ऑल्डेनवर, की त्या यादीवर, मला नीट सांगता आलं नसतं.

सोमवारी सकाळी कोचच्या ऑफिसात गेले. ते टेबलावरचे कागद खोक्यात भरत होते. शुक्रवारच्या सामन्यासाठी काढून ठेवलेले, आता निरुपयोगी.

"कोच, ब्रॅमवेलचा तो गोल. क्रूपानं तो पक झेलला होता."

"काय?"

मी सांगितलं. सगळं, वीस जोड्यांसकट. ते ऐकत होते, हातात कागद तसेच. मी म्हटलं, चूक माझी, हवं तर राजीनामा देते.

मला वाटलं होतं ते ओरडतील. त्या आवाजाला मी तयार होते. पण ते खुर्चीत बसले आणि हळू बोलायला लागले, आणि ते जास्त लागलं.

"वादी तुटली ते सोड, व्हर्ना. वादी तुटतेच. तू मला दुसऱ्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तो बोलला नाही, म्हणून..."

"तो नाही बोलणार. तो बाकावरचा पोरगा. त्यानं सामानाला दोष दिला असता तर सगळे हसले असते. तू एकोणीस वर्षं इथे आहेस." त्यांनी कागद टेबलावर टाकले. "मी तो गोल चाळीस वेळा बघितला. मला वाटलं, पोरगा शेवटच्या मिनिटाला दचकतो. म्हणून जानेवारीत नाही खेळवला, फेब्रुवारीत नाही खेळवला. माग्नुसला सलग बावीस सामने उभा केला. उपांत्य सामन्यात जादा वेळेतला तो गोल आठव. माग्नुसचे पाय हलले का? डिसेंबरातला माग्नुस असता तर झोपेत अडवला असता तो. पाय संपले होते त्याचे. मी संपवले. कारण माझ्याकडे दुसरा गोली नाही असं मला वाटत होतं. आणि होता. सगळा वेळ होता. खाली दार उघडत होता."

मी एका सामन्याचं ओझं घेऊन वर आले होते. जाताना सगळा हंगाम घेऊन निघाले.

"राजीनामा बिजिनामा काही नको," ते म्हणाले. "मंगळवारी पोरं सामान परत करायला येतील. तेव्हा सांग त्यांना. मी नाही सांगणार. तू सांग."

मंगळवारी पोरं आली. हंगाम संपला की हे असतंच, एकेकानं पॅड, जर्सी, हेल्मेट आणून माझ्या काउंटरवर ठेवायचं. एरवी त्यात थट्टा असते. त्या दिवशी नव्हती. क्रूपाही आला, रांगेत मागे. मी स्टुलावर चढले, कारण माझी उंची बेताची, आणि म्हटलं, दोन मिनिटं ऐका. आणि सांगितलं.

मग हापाला म्हणाला, "म्हणजे झेलला होता त्यानं."

"झेलला होता."

"आणि आम्ही तीन महिने..." तो क्रूपाकडे वळला. "अरे गाढवा, बोलायचं ना!"

डेक्लन रडायच्या बेतात होता. "सॉरी यार. मी त्या दिवशी वर... सॉरी."

माग्नुस पुढे होऊन क्रूपाच्या खांद्यावर हात ठेवायला गेला. क्रूपानं खांदा काढून घेतला. त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज त्या खोलीत चढला. माझ्यावर.

"तुला कुणी सांगायला सांगितलं होतं?"

"एलायस, मला वाटलं..."

"मला विचारलंस? एकदा तरी? डिसेंबरात नाही विचारलंस, आताही नाही. तुला बरं वाटावं म्हणून सांगितलंस तू."

"अरे, तुझी चूक नव्हती, हे लोकांना कळायला नको?"

"माझीच होती!" त्यानं बॅग जमिनीवर आपटली. "गाठ मारलेली आहे हे मला माहीत होतं. मधल्या रेषेवरून आलेला फटका. लहान पोरंसुद्धा तो छातीवर घेतात. जाळीचा भरवसा नाही, तर छातीवर घ्यायचा, साधा हिशोब आहे. मी हात वर केला. का? तर आई टीव्हीवर बघत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तिला दिसावं म्हणून हात वर केला." तो थांबला. "तीन महिने मी हे गिळलं होतं. मी मिटवलं होतं माझ्यापुरतं. आता सगळे माझ्याकडे बिचारा म्हणून बघणार. त्यापेक्षा चाळण बरं होतं."

त्यानं सामान काउंटरवर ठेवलं, एकेक, नीट. पॅड. ब्लॉकर. ग्लव्ह. यादीवर सही केली. मी म्हटलं, "चुकले मी." तो म्हणाला, "माहितीये." रागानं नाही, थकून.

शनिवारी माजी खेळाडूंशी मैत्रीचा सामना असतो, बर्फ काढण्याआधीचा शेवटचा. कोच स्वतः क्रूपाच्या खोलीवर गेले आणि म्हणाले, साठ मिनिटं तू खेळ. तो म्हणाला, "थँक्स कोच, पण आता कशाला?" कोचनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांना राग आलेला दिसत होता, पण कुणाचा ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं. त्या सामन्यात माग्नुस उभा राहिला. पन्नाशीच्या माणसांनी त्याच्यावर सहा गोल केले आणि तो हसला.

क्रूपा आदल्या दिवशी, शुक्रवारीच घरी गेला होता. पेपर मे महिन्यात होते, ते द्यायला परत आला, पण रिंककडे फिरकला नाही. मी पदवीदानाच्या दिवशी मुद्दाम गेले. काळ्या झग्यात आणखी उंच दिसत होता. बरोबर आई होती, ठेंगणी, फुलाफुलांचा ड्रेस. त्यानं ओळख करून दिली, "मॉम, ही व्हर्ना. सामान हिच्याकडे असतं."

बाईंनी माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही याची काळजी घेतलीत," म्हणाल्या. "तो फोनवर नेहमी सांगायचा. व्हर्ना सगळं बघते."

मी क्रूपाकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता. तिला काही सांगावं असं ओठांवर आलं, आणि त्याचा तो चढलेला आवाज आठवला. या वेळी मी विचारायचं ठरवलं. म्हणजे डोळ्यांनी विचारलं. त्यानं अगदी थोडी मान हलवली. नको.

"चांगला मुलगा आहे तुमचा," मी म्हटलं.

"थोडा हट्टी आहे," आई म्हणाली.

"थोडा?" मी म्हटलं, आणि त्याला हसू आलं. मोठं नाही. पण मला तेवढंच मिळालं, आणि मी तेवढंच घेऊन घरी आले.

सेंट ऑल्डेनचं काय झालं, हे इथले लोक अजून विचारतात, माहीत असूनही. त्यांनी पहिल्या फेरीत देशातल्या पहिल्या संघाला हरवलं. दुसऱ्या फेरीतही जिंकले. अंतिम चारांत गेले. आमच्या जागेवर बसून. ते पहिल्याच सामन्यात आठ-शून्य मार खाऊन परतले असते तर आम्हाला म्हणता आलं असतं, बघा, आम्हाला पाठवलं असतं तर निदान लढलो तरी असतो. तेही समाधान नाही. बेकरीत आता लोक म्हणतात, "म्हणजे आपणही पोचलो असतो तिथवर." मी पेस्टी घेते आणि निघते.

पुढच्या हंगामात माग्नुस होता, कोचनी गोली पाळीपाळीनं उतरवले, माझ्याकडे दुसऱ्या गोलीचं सामान आधी होतं, पहिल्याचं नंतर. आम्ही सगळं बरोबर केलं. यादीत एकतिसावे आलो.